लंडनच्या स्वस्त तिकिटाची कहाणी

आपल्या मंडळातील कितीतरी भगिनींची मुले-मुली आज विलायतेत आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी, नातवंडांच्या ओढीने किंवा नुसते चार दिवस पाहुणे म्हणून तिकडे जाण्याचा योग आता दुर्मिळ राहिलेला नाही. जाऊन आलेल्या भगिनी बकिंगहॅमचा राजवाडा, मेणाचे पुतळे, टेम्सवरचा उघडझाप करणारा पूल यांचे रसभरित वर्णन करतात. पण "तिथले नाटक पाहिलेत का?" असे विचारले, तर बहुतेकींचे उत्तर एकच येते: "अहो, केवढाली ती तिकिटे! रुपयांत हिशेब केला आणि घरीच बसलो."

तिकिटे महाग आहेत हे खरेच. मात्र लंडन शहरात महाग तिकिटाच्या शेजारी स्वस्त तिकीटही सव्वाचारशे वर्षे नांदत आले आहे. ते टिकले ते बहुतांशी प्रेक्षकांनी भांडून, आणि एका नाट्यगृहापुरते दोन स्त्रियांच्या काटकसरीमुळे. ही कहाणी ठाऊक असली, तर तिकिटाच्या खिडकीशी सवलत विचारताना संकोच वाटावयाचे कारण उरत नाही. मराठी माणसाला नाटकाचे वेड शिकवावे लागत नाही. तेव्हा पाल्हाळ न लावता विषयाला हात घालते.

आधी नाण्यांचा हिशेब सांगून ठेवते, म्हणजे पुढे अडायला नको. तिकडे पूर्वी १२ पेन्यांचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड असे. १९७१ साली ही पद्धत जाऊन १०० पेन्यांचा पौंड झाला.

शेक्सपिअरच्या मंडळीचे 'ग्लोब' नाट्यगृह टेम्सच्या दक्षिण तीरावर १५९९ साली उभे राहिले. त्याच वर्षी थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी लंडन पाहावयास आला होता. आपल्यासारखाच पाहुणा. त्याने 'ज्युलिअस सीझर'चा प्रयोग पाहिला आणि तिकिटाचे दर नीट लिहून ठेवले. मधल्या उघड्या चौकात उभे राहावयाचे तर १ पेनी. बसावयाचे तर आणखी १ पेनी. आणि गादीवर बसून साऱ्यांना पाहावयाचे व स्वतःही दिसावयाचे, तर तिसरी पेनी. म्हणजे एकाच खेळाला हमालही आणि सरदारही. कसबी कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा शिलिंगाच्या आसपास होती. त्यातली एक पेनी नाटकाला देणे त्याला जड नव्हते. चौकात डोक्यावर छप्पर नसे, पाऊस आला तर भिजावे लागे, पण रंगमंच हाताच्या अंतरावर असे. सर्वांत स्वस्त जागा सर्वांत जवळची, ही गंमत पुढे कोठे राहिली नाही.

पुढे नाटके बंदिस्त, छपराच्या घरांत गेली आणि दर वाढले. अठराव्या शतकात लंडनमध्ये 'ड्रुरी लेन' आणि 'कॉव्हेंट गार्डन' ही दोन मोठी नाट्यगृहे होती. खेळ संध्याकाळी लवकर सुरू होई. पहिले नाटक पाच अंकी, आणि त्याच्या शेपटाला एखादा फार्स नाही तर मूकनाट्याचा तमाशा. दुकानदार, कारकून, कामगार यांना एवढ्या लवकर सुटका कोठली? म्हणून तिसरा अंक संपल्यावर येणाऱ्यास निम्म्या दराने आत सोडावयाचे, अशी वहिवाट पडली होती. अर्ध्या तिकिटाचा जन्म हा असा झाला. तीन अंक गेले तरी बिघडत नसे. नाटके जुनी आणि पाठ झालेली असत. आपल्याकडेही कथानक ठाऊक असलेल्या संगीत नाटकाला केवळ पदांसाठी उशिरा जाऊन बसणारे रसिक होतेच की.

१७६३ साली ड्रुरी लेनचा चालक, सुप्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक, आणि कॉव्हेंट गार्डनचा चालक जॉन बिअर्ड यांनी ही सवलत काढून घेण्याचा घाट घातला. जाहिरातीत छापले की पूर्ण दराखेरीज प्रवेश नाही. २५ जानेवारीच्या रात्री फिट्झपॅट्रिक नावाचा एक गृहस्थ ड्रुरी लेनमध्ये उभा राहिला आणि त्याने प्रेक्षकांपुढे भाषण ठोकले. मग बाके मोडली, झुंबरे फुटली. कोणी एकाने तर नाट्यगृहाला आग लावण्याचा प्रयत्न केला. मूडी नावाच्या नटाने त्याचा हात धरला. दुसऱ्या रात्री प्रेक्षकांनी गॅरिकला रंगमंचावर बोलावून सरळ जाब विचारला: अर्धा दर ठेवणार की नाही? गॅरिकने मान तुकवली. त्या बिचाऱ्या मूडीकडूनही माफी मागितली गेली, तेव्हा आपण तुमचे प्राण वाचवल्याबद्दल दिलगीर आहोत, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला, अशी हकीकत सांगतात! बिअर्डने महिनाभर तग धरला. त्याच्याकडेही तोच प्रकार झाला आणि त्यानेही शरणागती पत्करली. नवे मूकनाट्य असेल त्याचा पहिला हिवाळा तेवढा वगळून अर्धे तिकीट कायम राहिले.

मोडतोडीचे समर्थन कोणी करू नये. पण या दंग्यात एक गोष्ट ध्यानात येते. दिवसभर राबून उशिरा येणाऱ्या माणसाचा नाटकावर हक्क आहे, हे त्या लोकांनी गृहीतच धरले होते. एकोणिसाव्या शतकातही रात्री नऊच्या सुमारास अर्ध्या दराने शिरणारे कारकून लंडनमध्ये सर्रास दिसत.

याहून मोठे प्रकरण १८०९ चे. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह जळून खाक झाले. वर्षभरात नवे उभे राहिले, खर्च अफाट झाला, आणि तो भरून काढण्यासाठी चालक जॉन केम्बल याने बॉक्सचा दर ६ शिलिंगांवरून ७ वर आणि पिटाचा साडेतीनवरून ४ शिलिंगांवर नेला. वरच्या गॅलरीचा दर तोच ठेवला, पण ती इतकी उंच आणि कोंदट बांधली की लोक तिला कबुतरांची खुराडी म्हणू लागले. शिवाय मधला एक मजलाच्या मजला श्रीमंतांना वर्षाच्या कराराने देण्याच्या खाजगी खोल्यांसाठी राखून ठेवला. सामान्य प्रेक्षकाला अर्ध्या शिलिंगापेक्षा या खोल्यांचा राग अधिक आला असावा, असे मला वाटते.

१८ सप्टेंबर १८०९ ला 'मॅकबेथ'ने पडदा उघडला. लेडी मॅकबेथच्या भूमिकेत केम्बलची बहीण, त्या काळची थोर नटी सेरा सिडन्स. पण तिचा एक शब्द कोणाला ऐकू येईल तर शपथ! प्रेक्षक रंगमंचाकडे पाठ फिरवून उभे राहिले आणि "जुने दर, जुने दर" असा घोष सुरू झाला. हा घोष ६७ रात्री चालला. लोक घंटा आणीत, कर्णे आणीत, फलक आणीत. टोपीला 'जुने दर' या शब्दांची आद्याक्षरे लावीत. पाय आपटून एक नाचच त्यांनी बसवला होता. केम्बलने पहारा करावयास मुष्टियोद्धे आणले, त्याने लोक अधिकच चिडले. टोपीवर ती अक्षरे लावल्याबद्दल पकडलेल्या हेन्री क्लिफर्ड नावाच्या वकिलाने उलट नाट्यगृहाच्या माणसावर दावा लावला आणि तो जिंकला. अखेर डिसेंबरात तडजोड झाली. पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग, खाजगी खोल्या कमी, आणि केम्बलची जाहीर माफी. बॉक्सचा दर मात्र ७ शिलिंगच राहिला, आणि त्यावर कोणी भांडले नाही. ज्यांना परवडत होते त्यांनी द्यावे, असा तो सरळ व्यवहार होता.

'पिट' हा शब्द आपल्या नाटकवाल्यांनीही उचलला. "पिटातल्या टाळ्या" असे आपल्याकडे किंचित तुच्छतेने म्हटले जाई. लंडनमध्ये मात्र पिटातला प्रेक्षक हा जाणता समजला जाई. तिथे बाकांवर दाटीवाटीने बसून त्याने नटांच्या तीन-तीन पिढ्या पाहिलेल्या असत.

या पिटाला हुसकावण्याच्या कामी एका स्त्रीचा मोठा वाटा आहे, आणि स्त्रियांच्या स्मरणिकेत ते लपवून ठेवणे बरे नव्हे. मेरी विल्टन ही लोकप्रिय नटी. १८६५ साली तिने मेहुण्याकडून १,००० पौंड उसने घेऊन टॉटनहॅम रस्त्यावरचे एक मोडकळीस आलेले नाट्यगृह चालवावयास घेतले. लोक त्याला 'धुळीचे भोक' म्हणत. तिने ते रंगवले, खाली गालिचे अंथरले, खुर्च्यांच्या पाठींवर पांढऱ्या विणलेल्या जाळ्या घातल्या, आणि बघता बघता तिथे प्रतिष्ठित घरांतील कुटुंबे येऊ लागली. बाईंची हिंमत आणि टापटीप दोन्ही वाखाणण्यासारखी. पण गालिच्याबरोबर दरही चढला. पुढे ती आणि तिचे पती स्क्वायर बँक्रॉफ्ट यांनी हेमार्केटचे नाट्यगृह घेतले, तेव्हा पिट साफ काढून टाकला आणि सारी खालची जागा दहा-दहा शिलिंगांच्या खुर्च्यांनी भरली. ३१ जानेवारी १८८० च्या पहिल्या रात्री वरच्या मजल्यावर रवानगी झालेल्या लोकांनी "पिट कोठे आहे?" असा गलका करून खेळ अडवून धरला. या वेळी मात्र चालक वाकले नाहीत. पुढची जागा पैशाची आणि मागची, वरची जागा गरिबाची, ही आजची रचना हळूहळू रूढ झाली. खेळ आटोपशीर आणि उशिरा सुरू होऊ लागल्यावर तिसऱ्या अंकानंतरचे अर्धे तिकीटही मागे पडले.

याच सुमारास दुपारचे खेळ वाढले. उपनगरांतील बायका आगगाडीने शहरात यावयाच्या, मोठमोठ्या दुकानांत खरेदी करावयाच्या, स्त्रीने एकटीने बसले तरी कोणी वाकडे पाहणार नाही अशा चहाच्या दुकानांत दोन घोट चहा घ्यावयाच्या, आणि दुपारचा खेळ पाहून दिवेलागणीला घरी परतावयाच्या. त्यांच्या रुंद पिसांच्या टोप्यांमुळे मागच्यांना दिसत नाही, अशी तक्रार त्या काळच्या वर्तमानपत्रांतून वरचेवर येई. पण घरच्या सोबतीवाचून बाईने नाटक पाहावे ही सोय या दुपारच्या खेळाने केली, हे विसरता येणार नाही.

आता ज्या दोघींसाठी मी लेखणी हाती घेतली त्यांच्याकडे वळते. एमा कॉन्स आणि तिची भाची लिलिअन बेलिस.

एमा कॉन्स (१८३८–१९१२) ही ऑक्टाव्हिया हिल यांच्याबरोबर गरिबांच्या चाळींची व्यवस्था पाहणारी बाई. भाडे वसूल करावयाचे, गळकी छपरे दुरुस्त करून घ्यावयाची, असे तिचे रोजचे काम. त्या चाळींत तिने पाहिले ते आपल्याला नवे नाही. शनिवारी मजुरी हाती पडली की नवरे दारूच्या गुत्त्यात आणि गुत्त्याला लागून असलेल्या गाण्याच्या अड्ड्यांत जात आणि रात्री घरी येऊन बायकांना बडवीत. दारू सोडा म्हणून नुसता उपदेश करून भागणार नाही, संध्याकाळी जावयाला दुसरी जागा हवी, हे तिने ओळखले. टेम्सच्या दक्षिणेस वॉटर्लू भागात १८१८ साली बांधलेले एक नाट्यगृह होते. लोक त्याला 'ओल्ड व्हिक' म्हणत आणि त्याची अवस्था वाईट होती. एमाबाईंनी वर्गणी जमवून ते घेतले आणि १८८० च्या नाताळात पुन्हा उघडले. आत दारूला बंदी, कॉफी हवी तेवढी. गाणी, मनोरंजन, आणि मधल्या एका संध्याकाळी पेनीभर दरात शास्त्रीय विषयांवर व्याख्याने. त्या व्याख्यानांना येणाऱ्या कामगारांनी अधिक शिकावयाचे ठरवले, तेव्हा त्यांचे वर्ग रंगमंचामागच्या खोल्यांतून भरू लागले. त्यातूनच १८८९ साली मॉर्ली कॉलेज निघाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडन कौंटी कौन्सिलवर गेलेल्या पहिल्या तीन स्त्रियांतही एमाबाई होत्या.

नाट्यगृहाला तूट कायमचीच. एमाबाई थकत चालल्या, तेव्हा १८९८ च्या सुमारास त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला संगीताच्या शिकवण्या करणाऱ्या भाचीला बोलावून घेतले. ही लिलिअन बेलिस (१८७४–१९३७). रूपाने साधी, बोलण्यात फटकळ, देवावर नितांत श्रद्धा आणि पैशाच्या बाबतीत विलक्षण चिकट. नट चांगले दे आणि स्वस्त दे, अशी ती देवाची प्रार्थना करी, ही तिच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका. नाटक चालू असता ती रंगमंचाच्या कडेला शेगडीवर खाणे तळीत असे आणि त्याचा वास पहिल्या रांगांपर्यंत जाई, असेही सांगतात. मधूनच पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना चार शब्द सुनवावयाचे आणि मदत मागावयाची, हा तिचा शिरस्ता. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत खजिनदारबाई करतात तसेच म्हणाना!

१९१२ साली मावशी गेल्यावर सारा कारभार लिलिअनकडे आला. १९१४ पासून तिने शेक्सपिअरची नाटके सुरू केली. महायुद्ध पेटलेले, पुरुष आघाडीवर, नटांचा तुटवडा. तेव्हा सिबिल थॉर्नडाइकसारख्या नटीने पुरुषांच्या भूमिकाही केल्या. आपल्याकडे पुरुष लुगडी नेसून नायिका रंगवीत होते त्याच काळात तिकडे ओल्ड व्हिकमध्ये बायका विजारी घालून राजपुत्र होत होत्या. विमानांतून बाँब पडत होते तरी खेळ थांबले नाहीत. १९२३ पर्यंत शेक्सपिअरच्या पहिल्या संग्रहातील ३६ही नाटके तिथे होऊन गेली, आणि गॅलरीचे तिकीट आसपासच्या मजुरांना व शिक्षिकांना परवडेल असेच राहिले. श्रीमंत वस्तीतील नाट्यगृहाने ही माळ पुरी केली नव्हती; वॉटर्लूच्या कामगार वस्तीतील पेन्यांच्या तिकिटाने ती केली. १९३१ साली लिलिअनने उत्तर लंडनमधले सॅडलर्स वेल्स हे पडके नाट्यगृहही उभे करून चालू केले.

या बाईच्या हाताखाली वाढलेल्या तीन शाखांचे पुढे काय झाले पाहा. तिची नृत्यशाखा आज रॉयल बॅले म्हणून ओळखली जाते. संगीतिकेची शाखा इंग्लिश नॅशनल ऑपेरा झाली. आणि १९६३ साली लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचे राष्ट्रीय नाट्यगृह सुरू झाले ते ओल्ड व्हिकच्याच रंगमंचावर. १९७६ मध्ये ते टेम्सकाठच्या स्वतःच्या वास्तूत गेले. स्वस्ताईची ही रीत त्या घराण्यात अधूनमधून पुन्हा डोके वर काढते. २००३ साली निकोलस हायट्नर यांनी राष्ट्रीय नाट्यगृहाच्या सर्वांत मोठ्या प्रेक्षागारातील दोनतृतीयांश जागा एका व्यापारी कंपनीच्या साह्याने अवघ्या १० पौंडांना विकावयास सुरुवात केली.

वेस्ट एंड या मुख्य नाटकवस्तीत मात्र गॅलरीच्या प्रेक्षकाला रांगेतच तिष्ठावे लागे. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिथे एक मजेदार सोय होती. सकाळी भाड्याने घडीचे स्टूल घेऊन रांगेत आपल्या नावाने ठेवावयाचे, कामाला जावयाचे, आणि संध्याकाळी येऊन स्टुलावर बसावयाचे. माणसाच्या ऐवजी स्टूल रांगेत!

अर्धे तिकीट परत आले ते अमेरिकेच्या वाटेने. न विकली गेलेली खुर्ची ही मंडईतल्या संध्याकाळच्या पालेभाजीसारखी असते. तिसरी घंटा झाली की तिची किंमत शून्य. हे ओळखून न्यूयॉर्कमध्ये २५ जून १९७३ ला, त्याच दिवसाच्या खेळांची उरलेली तिकिटे निम्म्या दराने विकणारी खिडकी उघडली. १९८० साली लंडनच्या नाट्यगृहांच्या संघटनेने लेस्टर चौकात तशीच खिडकी काढली. ती आजही आहे. पूर्वी तिथे त्याच दिवसाची तिकिटे मिळत. आता पुढच्या काही दिवसांचीही मिळतात. सवलत सगळ्यांवर निम्मीच असेल असे नाही, आणि तुफान चाललेला खेळ तिथे सहसा येत नाही.

जाणाऱ्या भगिनींना चार गोष्टी सांगते. लेस्टर चौकात आजूबाजूला सवलतीच्या पाट्या लावलेली इतरही दुकाने असतात. घाई न करता नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवरचा दर आधी पाहावा आणि मग ताडून घ्यावे. स्वस्त म्हणून कोणतेही तिकीट घेऊ नये, आधी नाटक ठरवावे. इंग्रजी झरझर कानावर पडण्याची सवय नसेल तर संगीत नाटक सोपे जाते. अॅगाथा ख्रिस्तीचे 'माउसट्रॅप' पाहावयाचे असेल (२५ नोव्हेंबर १९५२ पासूनचे, २०२० मध्ये साथीमुळे खंड पडला, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले), तर पात्रांची नावे घरीच वाचून जावी, नाही तर खून कोणाचा झाला हेच समजेपर्यंत मध्यंतर होते. खुनी कोण हे बाहेर सांगू नये, अशी तिथे विनंती करतात. जुन्या नाट्यगृहांत काही खुर्च्यांपुढे खांब येतो. अशा जागेचे तिकीट स्वस्त असते आणि दृष्टीआड किती जाते हे विचारले तर खिडकीवरचा माणूस सांगतो. वरच्या गॅलरीचे जिने उभे आहेत, गुडघ्यांचा विचार करावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी खेळ असतो, आणि अनेक नाट्यगृहे त्या खेळाला वयस्करांना सवलत देतात. ती मागावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही.

आणि उभे राहण्याची तयारी असेल, तर १९९७ साली जुन्या जागेजवळच पुन्हा बांधलेले 'ग्लोब' आहे. तिथल्या चौकातले उभ्याचे तिकीट कित्येक वर्षे ५ पौंड होते, आणि आजही शहरातील सर्वांत स्वस्त तिकिटांत त्याची गणना होते. प्लॅटरच्या वेळेसारखेच तिथे रंगमंचाला हात टेकवून नाटक पाहता येते. अडीच-तीन तास खाली बसू देत नाहीत, आणि पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत. तेव्हा टोपीचा रेनकोट न्यावा आणि पायांत जुन्या, सवयीच्या चपला घालाव्या.